कायमची वीज कधी येणार? नव्या इमारतीच्या कमिशनिंगचं नियोजन, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बांधकाम संपत आलं की साईटवरच्या मीटिंगमध्ये प्रत्येक ठेकेदाराचं एकच वाक्य असतं: "आमच्याकडून झालंय, साहेब." पंप बसलेत, पॅनल उभे आहेत, लिफ्टवाल्याला फक्त लाईट हवी आहे. फायरवाल्याचं पाण्यावाचून अडलंय, पाणी वर जात नाही कारण पंपाला लाईट नाही, आणि लाईट का नाही हे इलेक्ट्रिकलवाला पुढच्या सोमवारी सांगणार आहे. मग सगळे मीटिंगमधल्या सर्वांत तरुण इंजिनिअरकडे बघतात आणि कोणीतरी म्हणतं, "कमिशनिंगचं तू बघ."

हा लेख त्या इंजिनिअरसाठी आहे. बसवलेली प्रत्येक यंत्रणा एकेकटी नीट चालते का, बाकीच्यांबरोबर नीट वागते का आणि उद्या ती चालवणाऱ्या माणसाला ती समजली आहे का, हे तपासून आकड्यांसकट कागदावर आणायचं काम म्हणजे कमिशनिंग. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक इमारत डोळ्यांसमोर ठेवू. पुण्यात दोन तळघरं, तळमजल्यावर दुकानं, वर २२ मजले, मजल्याला चार फ्लॅट, म्हणजे ८८ कुटुंबं. दोन साध्या लिफ्ट आणि एक फायर लिफ्ट. डीजी (डिझेल जनरेटर), फायर पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट), तळघरातले पंखे, गच्चीवर पाणी तापवणारं सोलर. आजकालच्या मानाने अगदी साधी इमारत.

पायरी १: काय हवंय ते आकड्यांत लिहून घ्या

चाचणी घ्यायची तर उत्तीर्ण कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं हवं. अमेरिकेतल्या ॲशरे संस्थेच्या 'गाईडलाईन शून्य' या कमिशनिंगच्या मार्गदर्शिकेतही पहिला कागद मालकाच्या अपेक्षांचाच आहे. आपल्याकडे हा कागद बहुतेक साईटवर नसतोच. टेंडरमध्ये 'पुरेशा दाबाने पाणी' असं लिहिलेलं असतं, आणि पुरेसा म्हणजे किती यावर शेवटच्या आठवड्यात भांडण होतं.

पाण्याचंच उदाहरण घ्या. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण एक किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो) दाब देतो. मजला तीन मीटरचा धरला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहिल्या मजल्यावर साडेसहा किलोच्या आसपास दाबाने उतरेल. एवढ्या दाबाला नळ शिट्ट्या मारतात, फ्लशचे व्हॉल्व टिकत नाहीत आणि गीझरचे जोड गळतात. बाविसाव्या मजल्यावर उलटी गत. टाकीचा तळ नळापेक्षा जेमतेम तीन-चार मीटर उंच, त्यामुळे शॉवरमधून पाणी नुसतं ओघळतं. म्हणून खालच्या मजल्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व आणि वरच्या दोन-तीन मजल्यांना दाब वाढवणारा हायड्रोन्युमॅटिक पंप लागतो. अपेक्षा अशी लिहा: कोणत्याही फ्लॅटमध्ये दीड ते साडेतीन किलोच्या दरम्यान दाब, वरच्या मजल्यावर दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर एकाच वेळी चालू असतानासुद्धा. आता हे गेज लावून मोजता येतं आणि त्यावर वाद घालता येत नाही.

असंच बाकीचं विचारून घ्या. लाईट गेल्यावर डीजीवर किती सेकंदांत यायचं? डीजीवर तिन्ही लिफ्ट की दोनच? फ्लॅटमधला कोणता लोड? तळघरातले पंखे घड्याळावर चालणार की कार्बन मोनॉक्साईडच्या सेन्सरवर? आर्किटेक्ट, सल्लागार आणि मालक या तिघांना एका टेबलावर बसवून तीन-चार पानांचा कागद तयार करा आणि तिघांच्या सह्या घ्या.

पायरी २: दोन ठेकेदारांच्या मधली जागा शोधा

यंत्रणांची यादी सगळेच करतात, तुम्हीही करा. प्रत्येक यंत्रणेसमोर पुरवठा कोणाचा, बसवलं कोणी, चाचणी कोण घेणार, साक्षीला कोण आणि कोणत्या सरकारी कार्यालयाचा कागद लागणार हे लिहा. ते एका दुपारचं काम आहे.

खरी मेहनत यंत्रणांच्या जोडांवर आहे. फायर अलार्म वाजला की लिफ्टने तळमजल्यावर येऊन दार उघडायचं असतं. त्यासाठी फायर पॅनलमधून लिफ्टच्या कंट्रोलरला सिग्नल जायला हवा. फायरवाला म्हणतो, "आम्ही पॅनलमध्ये ड्राय कॉन्टॅक्ट (सिग्नल देणारा स्विच) दिलाय, केबल लिफ्टवाल्याने आणायची." लिफ्टवाला म्हणतो, "आमच्या ऑर्डरमध्ये केबल नाही, मशीनरूमपर्यंत आणून द्या, आम्ही जोडू." दोघंही आपापल्या ऑर्डरप्रमाणे बरोबर असतात. केबल मात्र कोणाच्याच ऑर्डरमध्ये नसते, आणि हे कळतं तेव्हा शाफ्ट बंद होऊन रंग लागलेला असतो.

त्यामुळे जोडांची वेगळी यादी करा. आपल्या इमारतीत ती साधारण अशी निघेल: फायर पॅनल ते लिफ्ट, जिन्यातले प्रेशरायझेशनचे पंखे (आगीत जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवेचा दाब वाढवणारे), तळघरातले पंखे, कार्डवर उघडणारी दारं आणि बूम बॅरिअर, मेन पॅनल ते डीजी, वरच्या टाकीतला लेव्हल सेन्सर ते खालचे पंप, लिफ्टमधला इंटरकॉम ते सिक्युरिटीची केबिन, एसटीपीची टाकी भरली की वाजणारा अलार्म ते, खरंच, ते कुठे? तो बहुधा एसटीपीच्याच खोलीत वाजत असतो, जिथे रात्री कोणी नसतं. प्रत्येक जोडासमोर तीन रकाने ठेवा: केबल कोण आणणार, दोन टोकांना कोण जोडणार, सिग्नल आल्याचं कोण दाखवणार. शक्य असेल तर ही यादी ऑर्डर निघण्याआधीच ठेकेदारांना द्या. उशिरा आला असाल तर निदान भिंती बंद होण्याआधी.

पायरी ३: ताब्यापासून मागे मोजा

कमिशनिंगचं वेळापत्रक पुढे मोजत नेलं की ते नेहमी छान दिसतं. मागे मोजत आणलं की घाम फुटतो. समजा, दिवाळीचा, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीचा ताबा ठरलाय. भोगवटा प्रमाणपत्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हातात हवं. त्याचा अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीला, सगळ्या ना-हरकत दाखल्यांसह. म्हणजे अग्निशमन दलाची अंतिम पाहणी आणि लिफ्ट निरीक्षकांची तपासणी ऑगस्टमध्ये. ते येतील तेव्हा सगळं चालू हवं, म्हणून सगळ्या यंत्रणांची एकत्र चाचणी जुलैअखेर. त्याआधी एकेक यंत्रणा तपासायला पाच-सहा आठवडे. मागे येत येत आपण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोचतो, आणि त्या दिवशी इमारतीत कायमची वीज हवी असते.

या आख्ख्या नियोजनाचा कणा ही एकच तारीख आहे. बाकी सगळं तिच्यावर टांगलेलं असतं. बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर पंप फिरवून बघता येतो, दिवे लावता येतात. पण तिन्ही लिफ्ट, फायर पंप आणि पंखे एकत्र चालवण्याइतका लोड त्या मीटरला नसतो. लिफ्टचं शेवटचं सेटिंग, डीजीचं चेंजओव्हर, मेन पॅनलमधल्या रिलेचं (बिघाड झाला की वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणांचं) टेस्टिंग कायमच्या पुरवठ्याशिवाय पुरं होत नाही. आणि ही तारीख तुमच्या हातात नसते. लोड मंजुरी, ट्रान्सफॉर्मरची खोली, महावितरणचं काम, टेस्ट रिपोर्ट, विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि परवानगी, मीटर या सगळ्या कागदांचा वेग वेगवेगळा असतो. म्हणून जूनमध्ये वीज हवी तर मार्चमध्ये दर आठवड्याला विचारा: आज फाईल कुणाच्या टेबलावर आहे? साईटवर प्लॅस्टरची टक्केवारी विचारणारी दहा माणसं असतात, हा प्रश्न विचारणारं बहुधा कोणीच नसतं.

वीज लांबली तर भाड्याच्या डीजीवर काम भागवता येतं, फक्त एक सवय लावून घ्या. तात्पुरत्या पुरवठ्यावरून कायमच्या पुरवठ्यावर येताना फेजचा क्रम उलटू शकतो आणि मोटरी उलट्या फिरू लागतात. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने फेकतो, फक्त कमी. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि "टाकी भरायला वेळ फार लागतो" ही तक्रार वर्षभर चालते. पुरवठा बदलला की प्रत्येक मोटरची दिशा पुन्हा बघा. अपवाद नाही.

आणि पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो कधीही येईल, तेव्हा तळघरातले पाणी उपसणारे सम्प पंप मेअखेर चालायलाच हवेत, तात्पुरत्या विजेवर का होईना. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचून खाली बसवलेलं सामान गेलं की लिफ्ट कंपनीशी पत्रव्यवहार सुरू होतो, आणि तो लवकर संपत नाही.

पायरी ४: चार्ज करण्याआधी (वीज सोडण्याआधी)

वीज येण्याची वाट बघताना करण्यासारखं भरपूर असतं. पाण्याच्या आणि फायरच्या पाईपांची हायड्रो टेस्ट टाईल आणि फॉल्स सीलिंगच्या आधी उरकायची. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब, फायर लाईनला दोन तास. गेजचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी, घड्याळ दिसेल असा. मग फ्लशिंग. नव्या पाईपांत वाळू, आटे पाडताना निघालेला किस आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे असतातच. ते धुऊन न काढता पाणी सोडलं की सगळा कचरा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्वच्या जाळीत जाऊन बसतो. टाक्या धुऊन, निर्जंतुक करून मगच भरा.

केबलना मेगर (इन्सुलेशन तपासायचं उपकरण) मारताना दिव्यांचे ड्रायव्हर, सर्ज प्रोटेक्टर, मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी काढून ठेवले आहेत याची खात्री करा. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्टचा मेगर. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर पुढे जायचं नाही. नव्या वायरिंगचं त्याहून कितीतरी जास्त येतं. पावसाळ्यात ओलीमुळे ते घसरतं, तेव्हा कारण शोधा, कोरडं करा, पुन्हा घ्या. अर्थिंगच्या प्रत्येक खड्ड्याचं रीडिंग वेगळं आणि एकत्र, दोन्ही लिहा.

पॅनल चार्ज होण्याच्या आदल्या दिवशी साईटवर सगळ्यांना सांगा आणि मराठी-हिंदीत पाट्या लावा. पॅनलरूमची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. रंगारी, फरशीवाले, झाडलोटीच्या बायका या सगळ्यांना तोवर ती खोली सामान ठेवायची जागा म्हणून माहीत असते. ही सूचना यादीत कुठेही टाका, पण पाळा.

पायरी ५: एकेक यंत्रणा

सगळ्यांचं सारखं विस्ताराने सांगत नाही. डीजी, सोलर, इंटरकॉम यांच्या चाचण्या कंपनीची माणसं त्यांच्या छापील तक्त्याप्रमाणे नीट घेतात. तुम्ही हजर राहा आणि रीडिंग स्वतः वाचा. डीजीपुरतं एवढंच की रिकाम्या इमारतीत त्याच्यावर लोड येत नाही. लोड बँक (कृत्रिम लोड देणारं यंत्र) भाड्याने आणून पूर्ण लोडवर चालवल्याशिवाय सही करू नका.

फायर पंपांना मात्र वेळ द्या. लाईनमधला दाब उतरेल तसे जॉकी (दाब टिकवणारा छोटा पंप), मुख्य आणि डिझेल पंप क्रमाने आपोआप चालू व्हायला हवेत. समजा, लाईन १२ किलोवर टिकवायची आहे. मग जॉकी ११ ला, मुख्य १० ला, डिझेल ९ ला, अशी उतरंड. आकडे तुमच्या इमारतीच्या उंचीप्रमाणे बदलतील, क्रम बदलणार नाही. जॉकी आपोआप बंद होतो, मुख्य आणि डिझेल माणसाने हाताने बंद करायचे असतात. ते आपोआप बंद होत असतील तर वायरिंग चुकलंय. मुख्य पंपाचा प्रवाह मोजायला फ्लो मीटरची टेस्ट लाईन असते. ठरलेल्या प्रवाहाच्या १५० टक्क्यांना पंपाने ठरलेल्या दाबाच्या निदान ६५ टक्के दाब द्यायला हवा. मग गच्चीवर होज उघडा. तिथे ३.५ किलो मिळाले पाहिजेत.

आता नियोजनाचा प्रश्न: या चाचण्यांना पाणी कुठून? फायरची जमिनीखालची टाकी लाख-दीड लाख लिटरची असली तर ती टँकरने भरावी लागणार, तीही कदाचित मे-जूनमध्ये, जेव्हा टँकर मिळवायलाच ओळख लागते. टेस्ट लाईनचं पाणी परत टाकीत जाईल अशी जोडणी बघून घ्या. गच्चीवरच्या होजचं पाणी कुठे पडणार तेही ठरवा, नाहीतर ते तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या रंगावर पडेल.

धुराचे डिटेक्टर रंगकाम आणि घासकाम संपेपर्यंत टोप्या घालून ठेवा. टोप्या आधी काढल्या की धुळीने अलार्म वाजतात, कोणीतरी वैतागून पॅनल सायलेंट करून ठेवतं आणि तीच सवय इमारतीला लागते. लोक राहायला आले तरी पॅनल सायलेंटच. जिन्यातल्या प्रेशरायझेशनला राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे ५० पास्कल हवेत. मॅनोमीटरने मोजा, आणि त्या दाबाला जिन्याचं दार एखाद्या आजींना ढकलता येतंय का तेही बघा. ही चाचणी पंखेवाल्याची वाटते, पण नापास बहुधा सुतारामुळे होते: दाराला क्लोजर नाही, खाली दोन बोटांची फट. म्हणजे वेळापत्रकात ही चाचणी दारांच्या कामानंतर. तळघरात एरवी ताशी सहा वेळा आणि आगीच्या वेळी बारा वेळा हवा बदलायला हवी. पंख्याचा प्रवाह मोजून आकारमानाशी भागाकार करून बघा.

दुहेरी पाईपलाईनची एक चाचणी कुठल्याच ठेकेदाराच्या यादीत नसते, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फ्लशला एसटीपीचं प्रक्रिया केलेलं पाणी जातं, नळाला पिण्याचं. २२ मजल्यांच्या शाफ्टमध्ये दोन्ही पाईप शेजारी शेजारी, आणि एखाद्या मजल्यावर प्लंबरने चुकीचा जोड मारला असेल तर तो दिसत नाही. त्यामुळे पिण्याच्या पाण्याची लाईन बंद करून रिकामी करा, फ्लशची लाईन साध्या पाण्याने भरा आणि प्रत्येक फ्लॅटमधले सगळे नळ उघडा. कुठेही थेंब येता कामा नये. मग उलट करा. दोन माणसं, एखाद-दोन दिवस. हे ताब्याआधीच होऊ शकतं. नंतर ८८ कुटुंबांना नळ उघडायला सांगणं अशक्य आहे.

आणि एसटीपी. ही एकच यंत्रणा अशी, जी रिकाम्या इमारतीत पूर्णपणे कमिशन होऊच शकत नाही. पंप, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर, टाक्यांची गळती हे साध्या पाण्यावर तपासता येतं. पण सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू वाढवायला सांडपाणीच लागतं. माणशी दिवसाला १३५ लिटर, घरात पाच माणसं, ८८ घरं, म्हणजे दिवसाला साधारण ५९ हजार लिटर. पहिल्या दोन महिन्यांत दहा कुटुंबं आली तर पावणेसात हजार लिटर. एवढ्याशा पाण्यावर पूर्ण वेगाने ब्लोअर चालवला तर जिवाणू उपाशी मरतात आणि वास सुटतो. नियोजनात तीन गोष्टी घाला. चालू असलेल्या दुसऱ्या एसटीपीतून गाळ आणून पेरणी, स्थिरावायला तीन ते सहा आठवडे, आणि सुरुवातीच्या कमी पाण्यासाठी ब्लोअरचं वेगळं टायमर सेटिंग. चालवणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा, निम्मी घरं भरेपर्यंत पुरवठादाराच्या खर्चाने. हे ऑर्डरमध्ये नसेल तर पुरवठादार ब्लोअर फिरवून दाखवील, बिल घेईल आणि जाईल.

लिफ्टची लोड टेस्ट आणि वेग-नियंत्रकाची चाचणी कंपनी घेते, परवाना २०१७ च्या महाराष्ट्राच्या लिफ्टविषयक कायद्याप्रमाणे मिळतो. तुम्ही प्रत्येक लिफ्टमध्ये स्वतः उभे राहून अलार्मचं बटण दाबा आणि केबिनमधला वॉचमन बोलतो का ते बघा.

पायरी ६: लाईट घालवण्याचा दिवस

एकेक यंत्रणा पास झाली की सगळ्यांची मिळून एक परीक्षा. ठेकेदारांना हा दिवस आवडत नाही, कारण या दिवशी जोड उघडे पडतात. दुपारी चारला सुरुवात करा म्हणजे शेवट अंधारात होईल आणि इमर्जन्सी दिव्यांचा उजेड खरंच पुरतो का ते कळेल. तळघरात मोबाईलला रेंज नसते, वॉकी-टॉकी आणा. माणसं आधी वाटून द्या: मेन पॅनलपाशी एक, डीजीपाशी एक, प्रत्येक लिफ्टमध्ये एक, पंपरूममध्ये एक, फायर पॅनलसमोर एक, गच्चीवर एक, तळघरात एक. प्रत्येकाकडे घड्याळ आणि छापील कागद, ज्यावर काय व्हायला हवं ते लिहिलेलं आणि काय झालं यासाठी रिकामी जागा.

पहिला भाग: तिन्ही लिफ्ट वेगवेगळ्या मजल्यांमध्ये धावत असताना मेन ब्रेकर उघडा. डीजीचं बटण कोणीही दाबायचं नाही. डीजी किती सेकंदांत लोड घेतो ते लिहा. त्याच वेळी लिफ्टमधली एआरडी बॅटरीवर लिफ्टला जवळच्या मजल्याकडे न्यायला लागलेली असते, आणि नेमक्या त्याच क्षणी डीजीची वीज आली की काही कंट्रोलर गोंधळतात आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. हे एकेकट्या चाचणीत कधीच दिसत नाही.

दुसरा भाग: डीजी चालू असतानाच नवव्या मजल्यावरच्या डिटेक्टरला चाचणीचा स्प्रे मारा. आता बघायचं खूप असतं. भोंगे कोणत्या मजल्यांवर वाजले, लिफ्ट खाली येऊन दार उघडून थांबल्या का, फायर लिफ्ट तिच्या स्विचवर चालते का, जिन्याचे पंखे लागले का, तळघरातले पंखे वेगात गेले का, कार्डाची दारं सुटली का. मग गच्चीवर होज उघडा. विजेचा मुख्य फायर पंप डीजीवर घेतला असेल तर तो चालू होतानाचा झटका डीजी सोसतो का, की घरघरत बंद पडतो? बंद पडला तर डीजीची क्षमता, स्टार्टरचा प्रकार किंवा लोडचा क्रम, यांपैकी काहीतरी बदलायला हवं. ते आज कळलं हे चांगलंच.

तिसरा भाग, जो उत्साहात विसरला जातो: अलार्म रिसेट करा, वीज परत आणा आणि अर्धा तास काहीही न करता बघत राहा. सगळं आपोआप मूळ जागी येतं का? माझ्या मते सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात. हायड्रोन्युमॅटिक पंप ट्रिप होऊन तसाच राहिलेला असतो, तळघरातला पंखा पूर्ण वेगात अडकलेला, एखादा पंप ऑटोऐवजी मॅन्युअलवर, कारण मघाशी कोणीतरी घाबरून स्विच फिरवला. शेवटी डीजीचा सिलेक्टर मुद्दाम बंद ठेवून एकदा वीज घालवा. फायर पॅनल, कॅमेरे, इंटरकॉम बॅटरीवर किती वेळ टिकतात? इमर्जन्सी दिव्यांनी ९० मिनिटं टिकायला हवं. आणि डीजी चालू झाला नाही हे माणसाला कळवणारा अलार्म कुठे वाजतो?

या दिवसातून चाळीस-पन्नास दोष निघाले तर घाबरू नका. पण दुरुस्तीनंतर फक्त दुरुस्त केलेला भाग तपासून गप्प बसू नका, तो ज्या जोडातला आहे तो आख्खा जोड पुन्हा चालवा. म्हणूनच हा दिवस अग्निशमन दलाच्या पाहणीच्या दोन-तीन आठवडे आधी ठेवायचा.

पायरी ७: कागद आणि किल्ल्या

चाचणीच्या तक्त्यात 'ओके' लिहायला बंदी घाला. दाब ३.७ किलो, वेळ ११ सेकंद, तारीख, सही. नमुना 'अ' म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सीने यंत्रणा नीट बसवल्याचा दाखला. नंतर दर जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा नीट चालू असल्याचा नमुना 'ब' द्यावा लागतो. सोसायटीला हे बहुधा पहिली नोटीस आल्यावरच कळतं, म्हणून हँडओव्हरच्या पहिल्या पानावर या दोन महिन्यांचा उल्लेख ठेवा.

रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत सेवासुविधांमधला दोष दाखवला गेला तर विकसकाला तो विनाशुल्क दुरुस्त करावा लागतो. तुमच्या त्या आकड्यांच्या तक्त्याला तेव्हा किंमत येते: दोष मुळातला की नंतर कोणीतरी व्हॉल्व फिरवल्यामुळे झालेला, हे त्यावरून ठरतं.

प्रशिक्षण व्यवस्थापकाला देऊन उपयोग नाही. रात्रपाळीचा वॉचमन, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना पंपरूममध्ये उभं करून त्यांच्याच हातांनी पंप बंद-चालू करायला लावा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. प्रत्येक व्हॉल्वला नंबरची पट्टी, आणि नंबरांचा नकाशा लॅमिनेट करून भिंतीवर. पॅनल, शाफ्ट, मीटररूम, गच्ची, सगळ्या किल्ल्यांची एक पेटी, प्रत्येकीला नाव.

ताब्यानंतरचं

काही चाचण्या वेळापत्रकातच पुढच्या तारखेला टाकाव्या लागतात. थंडीत सकाळी सोलरचं पाणी किती तापतं हे जानेवारीत. तळघरातली गळती आणि सम्प पंप पहिल्या खऱ्या पावसाळ्यात. एसटीपीच्या पाण्याचा प्रयोगशाळेतला नमुना निम्मी घरं भरल्यावर. घराघरात एसी लागले की एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी मेन पॅनलची थर्मल कॅमेऱ्याने तपासणी आणि तिन्ही फेजवरचा लोड. लीड या ग्रीन बिल्डिंग प्रणालीतल्या वाढीव कमिशनिंगमध्ये काम पूर्ण झाल्यावर दहा महिन्यांनी येऊन इमारत पुन्हा बघायची अट आहे. ती ग्रीन नसलेल्या इमारतीलाही लावून घ्या, कारण बहुतेक यंत्रांची वॉरंटी बारा महिन्यांची असते. आणि ऑर्डर काढतानाच बघा, ते बारा महिने कधीपासून मोजायचे: माल साईटवर उतरल्यापासून की कमिशनिंगच्या सहीपासून. पंप वर्षभर आवरणात गुंडाळून पडला असेल, तर या एका ओळीवर त्याची वॉरंटी कमिशनिंगआधीच संपलेली असू शकते.